कागद हाती होता, पण चालत नव्हता



परदेशी निघालेल्या मुलाच्या सामानात आपण काय काय भरतो! खाकऱ्यांचे डबे, मेतकूट, घरचे मसाले, औषधांची पिशवी. अलीकडे त्यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे आरटीओतून काढलेली आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याची पुस्तिका. ती हाती आली की घरातील वडीलधारी मंडळी निश्चिंत होतात. तिकडे गेल्यावर गाडी चालवता येईल, एवढे आपल्याला ठाऊक असते. किती दिवस चालवता येईल, हे मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. त्या न विचारलेल्या प्रश्नाची हकीकत आज सांगणार आहे. ती माझ्या पुतण्याची आहे आणि त्याच्या संमतीनेच येथे देत आहे.

पुतण्या एप्रिल २०२३ मध्ये जपानमधील कोबे शहरी मोत्यांच्या एका पेढीवर रुजू झाला. कोबे हे मोत्यांच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. समुद्रातून निघालेला मोती येथे येतो, त्याची निवड व प्रतवारी होते, माळा ओवल्या जातात आणि मग तो जगभर रवाना होतो. याच व्यवसायामुळे आपले समाजबांधव तेथे स्थायिक झाले. शहराच्या कितानो भागात, डोंगराच्या उतारावर, त्यांनी १९८५ साली उभारलेले संगमरवरी जिनमंदिर आहे. परक्या मुलखात असा शेजार लाभल्यामुळे आम्हाला मुलाची काळजी नव्हती.

कोबे शहरात आगगाड्यांची सोय उत्तम आहे. तेथे राहण्यासाठी मोटार असलीच पाहिजे असे नाही. परंतु पुतण्याचे काम फिरतीचे होते. मोत्यांची शेती शिकोकू बेटावर, उवाजिमाच्या खाडीकाठच्या गावांतून चालते. कोबेहून आकाशीचा प्रचंड झुलता पूल ओलांडायचा, आवाजी बेट पार करायचे आणि शिकोकू गाठायचे, असा तो प्रवास. शेठजींनी त्यासाठी त्याला पेढीची गाडी दिली. जपानमध्येही वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि चालकाची बैठक उजवीकडे असते. सांगलीच्या रस्त्यांवर बारा वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला तेथे काहीच परके वाटले नाही. वर्ष सुरळीत गेले.

मार्च २०२४ मध्ये बहिणीच्या लग्नासाठी तो पाच आठवडे घरी आला. परवान्याच्या पुस्तिकेची मुदत संपत आली होती. मीच त्याला म्हणालो, "अरे, आलाच आहेस तर नवी काढून घे. तिकडे परत परीक्षा देण्याच्या भानगडीत कशाला पडतोस?" इतकेच नव्हे, तर हळदीच्या दुकानातले काम बाजूला ठेवून मी स्वतः त्याच्याबरोबर आरटीओत गेलो. नवी पुस्तिका मिळाली. तिच्यावर पुढल्या वर्षाची तारीख होती. एक काम हातावेगळे केल्याच्या समाधानात मी घरी आलो.

ऑगस्टमध्ये मंदिरातून बाहेर पडताना, पन्नास वर्षे कोबेत राहिलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांशी त्याचे बोलणे निघाले. उवाजिमाच्या वाटेवरील वळणांची गोष्ट चालली होती. त्यांनी सहज विचारले, "परवाना इथला काढलास का?"

"नाही बापूजी, मार्चमध्ये गावी गेलो होतो तेव्हा आंतरराष्ट्रीय परवाना नवा करून आणला."

"गावी किती दिवस होतास?"

"अडतीस दिवस."

ते गृहस्थ चालता चालता थांबले. म्हणाले, "मग एप्रिलपासून तू बिनपरवाना गाडी चालवतो आहेस."

नियम असा आहे. भारत आणि जपान या दोन्ही देशांनी रस्ते वाहतुकीचा १९४९ चा जिनिव्हा करार मान्य केलेला आहे. म्हणून आपली पुस्तिका तेथे चालते. मात्र ती दोन मर्यादांत चालते. एक, पुस्तिकेवरील मुदत. दुसरी, जपानमध्ये उतरल्या दिवसापासून एक वर्ष. या दोहोंपैकी जी आधी संपेल ती खरी. आणि तिसरी अट अशी, जी आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हती: ज्याची तेथे रहिवासी म्हणून नोंद आहे, असा माणूस देशाबाहेर जाऊन तीन महिन्यांच्या आत परतला, तर ते नव्याने उतरणे धरले जात नाही. वर्षाची मोजणी पहिल्या आगमनापासूनच चालू राहते. पुतण्याचे वर्ष एप्रिल २०२४ मध्ये संपले होते. मी कौतुकाने काढून दिलेली पुस्तिका खरी होती, शिक्का खरा होता, तारीखही खरी होती. जपानच्या रस्त्यावर मात्र तिला काही किंमत नव्हती.

बिनपरवाना वाहन चालवण्यास तेथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. परवाना नाही हे माहीत असूनही जो त्याला गाडी देतो, त्यालाही तितकीच शिक्षा होऊ शकते. अपघात झाला असता, तर विम्यातून समोरच्याची भरपाई झाली असती. पण बिनपरवाना चालकाला स्वतःच्या गाडीची किंवा स्वतःच्या दुखापतीची भरपाई सहसा मिळत नाही. आणि परदेशात राहणाऱ्याच्या मागे आणखी एक चिंता असते. फौजदारी गुन्हा नोंदला गेला की वास्तव्याच्या परवानगीचे नूतनीकरणही धोक्यात येते. चार महिने तो असा गाडी चालवत होता. कोणाला धक्का लागला नाही, पोलिसांनी अडवले नाही, हे केवळ दैव.

त्या रात्री त्याचा मला फोन आला. सगळे सांगून झाल्यावर त्याने विचारले, "काका, शेठजींना सांगू का?"

वाचकहो, येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. मी म्हणालो, "आजपासून गाडीला हात लावू नकोस, आणि गप्प राहा. झाले ते झाले. कोणाला कळलेले नाही." चाळीस वर्षे अडतीच्या धंद्यात काढलेला मी माणूस. धनादेशाची मुदत तीन महिन्यांची असते, हे आमच्या दुकानातल्या नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो. मुदत टळलेला कागद कोणी आणून दिला तर तो मी परत करतो. पण येथे चुकलेला कागद माझ्याच सल्ल्याने काढलेला होता, म्हणून मी झाकून टाकण्याचा सल्ला दिला.

पुतण्याने तो मानला नाही. त्याचे म्हणणे सरळ होते. आजवर शेठजींना माहीत नव्हते आणि त्यालाही नव्हते. आता त्याला माहीत झाले आहे. गाडी त्यांच्या नावावर आहे. शिवाय पेढीत अजून तीन भारतीय मुले आहेत. तीही सुट्टीत घरी जाऊन येतात. सकाळी दुकान उघडताच त्याने गाडीची चावी शेठजींच्या मेजावर ठेवली आणि तारखा लिहिलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला.

शेठजींनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "परवाना मी पाहिला होता. मुदत कशी मोजतात, ते मी विचारले नाही. यात माझीही चूक आहे." त्यांनी त्याच दिवशी सर्वांचे पारपत्र मागवून येण्या-जाण्याचे शिक्के मोजले. आणखी एक मुलगा नेमक्या याच स्थितीत सापडला. दुसऱ्याच दिवशी तो माल पोहोचवण्यास शिकोकूला निघणार होता.

पुढचे पाच महिने पुतण्याने आगगाडीने आणि बसने फिरती केली. एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागत. दरम्यान त्याने भारतीय परवान्याच्या आधारे जपानी परवाना मिळवण्याची खटपट सुरू केली. या पद्धतीला तेथे 'गाइमेन किरिकाए' म्हणतात. काही देशांच्या परवानाधारकांना त्यात लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेची सूट आहे. भारत त्या यादीत नाही. मूळ परवाना, त्याचे अधिकृत जपानी भाषांतर, रहिवासाचा दाखला आणि परवाना मिळाल्यानंतर त्याच देशात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा, एवढे कागद लागतात. त्या वेळी लेखी परीक्षेत दहा प्रश्न असत आणि सात बरोबर आले की भागत असे. ऑक्टोबर २०२५ पासून प्रश्न पन्नास झाले आहेत आणि उत्तीर्ण होण्यास नव्वद टक्के गुण लागतात. प्रात्यक्षिकाचे गुणदानही कडक झाले आहे. म्हणून ज्यांना हा परवाना काढायचा आहे, त्यांनी पहिल्या वर्षाच्या अखेरीची वाट पाहू नये.

लेखी परीक्षा तो पहिल्याच दिवशी उत्तीर्ण झाला. प्रात्यक्षिकाने मात्र त्याची बारा वर्षांची घमेंड उतरवली. कोबेच्या लोकांना यासाठी आकाशी येथील परवाना केंद्रात जावे लागते. तेथे रस्त्यावर नव्हे, तर केंद्राच्या आवारातील आखलेल्या मार्गावर गाडी चालवायची असते. पहिल्या वेळी तो थांबण्याच्या पाटीपाशी जवळजवळ थांबला, आणि नापास झाला. लाल उलट्या त्रिकोणावर 'तोमारे' असे लिहिलेले असते. तेथे चाके पूर्णपणे स्थिर झाली पाहिजेत. वेग कमी करून पुढे सरकणे म्हणजे थांबणे नव्हे. दुसऱ्या वेळी अरुंद वळणात मागचे चाक कडेवर चढले. तिसऱ्या वेळी डावीकडे वळताना त्याने आरशात पाहिले, पण मान वळवून मागे पाहिले नाही. आरशात न दिसणाऱ्या जागी सायकलस्वार असू शकतो, म्हणून ती मान वळवणे अनिवार्य आहे. प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा, पुन्हा शुल्क, पुन्हा नवी तारीख. चौथ्या वेळी, जानेवारी २०२५ मध्ये, त्याला परवाना मिळाला.

"काका, गाडी चालवायला मी नव्याने शिकलो नाही," तो मला म्हणाला, "सवयी मात्र नव्याने शिकलो."

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मी कोबेला गेलो. साकुराचा बहर ओसरत होता. पुतण्याने स्वतःची एक लहान, जुनी गाडी घेतली होती. सूनबाईंना दिवस गेले होते आणि इस्पितळ चढावर होते. गाडी घेण्याची तेथील पद्धत ऐकून मला मोठे नवल वाटले. आपल्याकडे आधी गाडी दारात येते, मग ती कोठे उभी करायची याचा वाद शेजाऱ्यांशी सुरू होतो. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून क्रम उलटा आहे. मोटार ठेवण्याची जागा आधी दाखवायची. ती घरापासून दोन किलोमीटरांच्या आत हवी, गाडी पूर्ण मावेल एवढी हवी आणि ती वापरण्याचा हक्क कागदावर हवा. तसा नकाशा काढून पोलीस ठाण्यात दिला की ठाण्याकडून 'शाको शोमेइ' म्हणजे जागेचा दाखला मिळतो. तो असल्याशिवाय साध्या मोटारीची नोंदणीच होत नाही. नोंदणीच्या कागदांसाठी सही पुरत नाही. विभाग कार्यालयात नोंदवलेली स्वतःची मोहोर आणि तिचा दाखला लागतो. आमच्या पुतण्याची मोहोर पाहून मला आजोबांच्या काळच्या हुंडीवरील छाप आठवला.

खर्चाचा हिशेब मी वहीत मांडून घेतला, कारण गाडीची किंमत हा त्या हिशेबाचा लहानसा भाग असतो, हे चटकन दिसले. नव्या खाजगी मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करावी लागते. तिला 'शाकेन' म्हणतात. तीत दुरुस्तीचा खर्च, वजनावरील कर आणि सक्तीचा विमा हे सारे एकत्र येते. म्हणून जुनी गाडी स्वस्त दिसली, की तिच्या तपासणीची मुदत किती उरली आहे हे प्रथम पाहावे. दरवर्षी १ एप्रिल रोजी गाडी ज्याच्या नावावर असेल, त्याला त्या वर्षाचा वाहनकर भरावा लागतो. त्याखेरीज जागेचे मासिक भाडे असतेच. कोबेसारख्या शहरात ते दर महिन्याला मोजताना मन कचरते.

सक्तीच्या विम्याविषयी आपल्या मुलांचा एक गैरसमज असतो. 'जिबाइसेकी' नावाचा हा विमा केवळ दुसऱ्याच्या शारीरिक हानीपुरता असतो. मृत्यूच्या प्रसंगी त्याची कमाल मर्यादा तीन कोटी येन आणि साध्या दुखापतीला एक लाख वीस हजार नव्हे, तर बारा लाख येन आहे. आकडे मोठे वाटतात, पण तेथील न्यायालये याहून कितीतरी अधिक भरपाई ठरवू शकतात. शिवाय समोरच्याची गाडी, दुकानाची भिंत, रस्त्याचा कठडा, आपली स्वतःची गाडी, यांतील कशालाही तो लागू नाही. म्हणून ऐच्छिक विमा घेतल्यावाचून गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे सगळी मिळकत पणाला लावणे होय. अपघात किरकोळ असला, तरी पोलिसांना ११० वर कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या नोंदीवरून मिळणारा अपघाताचा दाखला नसेल, तर विम्याचा दावा अडतो. 'आपसात मिटवू' ही आपली सवय तेथे महागात पडते.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगावी. आपण मद्य घेत नाही, म्हणून मद्यपी चालकाचा कायदा आपल्याला लागू नाही, असे समजू नये. जपानमध्ये चालक प्यालेला आहे हे माहीत असताना त्याला आपल्याला पोहोचवायला सांगणारा सहप्रवासीही शिक्षेस पात्र ठरतो. गाडी देणारा आणि मद्य देणारा तर ठरतोच. ग्राहकाबरोबर रात्रीचे जेवण झाले, तो म्हणाला "चला, सोडतो", आणि भिडेखातर आपला मुलगा गाडीत बसला, तर त्याने पाण्याखेरीज काही घेतले नव्हते, हा बचाव होत नाही. अशा वेळी तेथे 'दाइको' नावाची सेवा मिळते. दोन चालक येतात; एक ग्राहकाची गाडी घरी पोहोचवतो, दुसरा आपल्या गाडीने मागून येतो. ती बोलवावी, किंवा नम्रपणे आगगाडीची वेळ सांगून निघावे.

आणि देश कायमचा सोडताना गाडी कोणा मित्राच्या भरवशावर ठेवून येऊ नये. नावांतर किंवा नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती आल्याशिवाय ती गाडी आपलीच असते. तिच्यावरील कर आपल्या नावाने निघत राहतो, आणि ती वाटेल तेथे टाकून दिलेली आढळली तर विचारणाही आपल्याकडेच होते.

नियम देशागणिक बदलतात. येथे सांगितले ते जपानचे. पण मुलगा कोठेही जावो, विचारायचे प्रश्न तेच आहेत. आपला परवाना तेथे किती दिवस चालतो? ते दिवस कोणत्या तारखेपासून मोजतात? मधे घरी येऊन गेल्याने मोजणीत काही बदल होतो का? विमा कोणासाठी आणि कशासाठी आहे? हे प्रश्न त्या देशाच्या अधिकृत कार्यालयाला विचारावेत. माझ्यासारख्या काकांना विचारू नयेत.

परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही समुद्रकाठी फिरायला निघालो. माझ्या खिशात माझी स्वतःची पुस्तिका होती. मी नुकताच उतरलेला पाहुणा, त्यामुळे माझा कागद मात्र पुरता चालणारा होता. दोन चौक तरी गाडी चालवावी, अशी इच्छा मी बोलून दाखवली. पुतण्या हसला नाही. म्हणाला, "काका, परवान्याची अडचण नाही. पण विमा आम्हा दोघा नवरा-बायकोपुरताच घेतला आहे. त्यात तुम्ही नाही."

मी मागच्या आसनावर बसलो आणि पट्टा लावला. वाटेत एक रेल्वे फाटक लागले. फाटक उघडे होते, दोन्ही बाजूंना दूरवर गाडीचा मागमूस नव्हता. पुतण्याने गाडी पूर्ण थांबवली, उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, आणि मगच रूळ ओलांडले.